बजेट निम्म्यावर आलंय. कॉलेज लायब्ररीत काय घ्यायचं, काय सोडायचं?

पानखूण

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे, आर्ट्स कॉमर्स सायन्स तिन्ही आहेत, नाव देत नाही. पुस्तकं आणि नियतकालिकं मिळून जे बजेट असायचं ते यंदा जवळजवळ निम्म्यावर आलंय आणि पुढच्या वर्षी वाढेल अशी चिन्हं नाहीत. प्राचार्यांनी सांगितलंय की नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत लायब्ररी कमिटीपुढे खरेदी धोरण ठेवा. आत्तापर्यंत धोरण असं काही नव्हतंच. एचओडींकडून याद्या यायच्या, प्रत्येक विभागाचा कोटा ठरलेला, ज्यांची यादी आली नाही त्यांचे पैसे मार्चमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खर्ची टाकायचे, विषय संपला.

कमिटीत पहिली सूचना आली ती अशी की सगळ्या विभागांना सारखी कात्री लावा म्हणजे कुणाची तक्रार नको. माझा याला ठाम विरोध आहे. कॉमर्सच्या एका टेक्स्टबुकाच्या चाळीस प्रतींच्या वीस झाल्या तर मुलं आपसात भागवून घेतात, पण ज्या विभागाची वर्षाला आठ-दहा पुस्तकं यायची त्याची चार आली की त्या विषयात नवीन काय चाललंय हे लायब्ररीत दिसायचंच बंद होतं. आणि सारखी म्हणून लावलेली कात्री प्रत्यक्षात सारखी लागतच नाही हो. मोठ्या इंग्रजी पॅकेजचं, म्हणजे एका प्रकाशकाच्या अनेक ई-जर्नल्सच्या एकत्र वर्गणीचं, बिल एकरकमी असतं, ते निम्मं करता येत नाही, घ्या नाहीतर सोडा. मग कात्री चालते कुठे तर सुट्या वर्गणीवर, म्हणजे मराठी मासिकं, त्रैमासिकं, संशोधन मंडळांची पत्रिका, ज्यांची वर्षाची वर्गणी काहीशे रुपये असते. दहा नियतकालिकं बंद करून जे वाचतं त्यात पॅकेजचा एक आठवडाही निघत नाही.

माझ्या डोक्यात जे आहे ते एवढंच की जे दुसरीकडून आधीच मिळतंय त्यावर आपला रुपया घालायचा नाही आणि जे आपल्याला दुसरं कुणीच आणून देणार नाही ते सगळ्यात आधी घ्यायचं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन (सरकारी खर्चाने संस्थांना ई-जर्नल्स देणारी योजना) मंजूर केलं, २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार ई-जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या साधारण ६३०० संस्था. आपलं कॉलेज त्या यादीत बसतं का ते इन्फ्लिबनेटकडून (विद्यापीठ अनुदान आयोगाचं लायब्ररींसाठीचं केंद्र) तपासून घ्यावं लागतं. शिवाय एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-वाचनसाहित्याची योजना आहेच, अनुदानित कॉलेजला वर्षाला ५ हजार अधिक जीएसटी, त्यात हजारो जर्नल्स आणि लाखावर ई-पुस्तकं. हे सगळं असताना त्यातलंच एखादं जर्नल छापील म्हणून वेगळं मागवणारी कॉलेजं मी बघितलीयेत. सांगा, यात काय चुकतंय, काय राहतंय. मोठं झालंय पण मला हे खरंच नीट करायचंय.

इंजिलायब्ररी

मॅडम एकदम योग्य वेळी धागा काढलात. मी विनाअनुदानित इंजिनिअरिंगवाला, त्यामुळे वन नेशनचा आम्हाला अजून उपयोग नाही. आमचं दुखणं वेगळं. २०१५ पॅटर्न, मग २०१९ पॅटर्न, आता २०२४ पॅटर्न, दर वेळी टेक्स्टबुकांची रॅकच्या रॅक एकदम जुनी होतात. एकेका विषयाच्या पन्नास-साठ प्रती घेतलेल्या, सिलॅबस बदलला की त्यांना कुणी हात लावत नाही आणि इन्स्पेक्शनला टायटल्स आणि व्हॉल्यूम्सचा आकडा दाखवायचा म्हणून काढताही येत नाहीत.

पॅकेजबद्दल सांगतो, व्हेंडर जो रंगीत ग्राफ पाठवतो तो बघू नका, काउंटर रिपोर्ट मागा, म्हणजे सगळ्या प्रकाशकांसाठी एकाच पद्धतीने मोजलेला वापराचा अहवाल. प्रकाशकाच्या अ‍ॅडमिन लॉगिनमध्ये असतोच, बऱ्याच ठिकाणी तो लॉगिन कुणी उघडलेलाच नसतो. त्यात टोटल रिक्वेस्ट आणि युनिक रिक्वेस्ट असे दोन आकडे असतात, युनिकचा घ्या, कारण एकाच माणसाने एकाच बैठकीत तोच लेख आधी एचटीएमएल उघडला आणि मग पीडीएफ उतरवला तर टोटलमध्ये दोन लागतात. समजा पॅकेज चार लाखांचं आणि वर्षात युनिक आठशे, तर एक लेख पाचशेला पडला. मग तोच लेख डेलनेटमधून (लायब्ररींनी एकमेकांना साहित्य पुरवायचं नेटवर्क) मागवला तर काय पडतं ते शेजारी लिहा. आणि अजून एक रिपोर्ट असतो जो कुणीच बघत नाही, आपल्याकडे परवाना नाही म्हणून वाचकाला दारातून परत पाठवल्याचा. लोकांना काय हवं होतं आणि मिळालं नाही हे त्यातून कळतं, पुढच्या खरेदीला तोच कामाचा.

वाचनवेडी

वाचतेय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात कार्यक्रम झाला, आणि त्याच वर्षी दोन मराठी त्रैमासिकांची वर्गणी भरायची राहिली ती राहिलीच. विचारलं तर क्लार्क म्हणाले की मॅडम, कुणी मागितली नाहीत.

अर्थशास्त्राचा मास्तर

पानखूण यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत पण मला भीती दुसरीच वाटते. एकदा का वापराचे आकडे कमिटीच्या टेबलावर गेले की पुढे सगळे निर्णय त्याच आकड्यांवर होतात. माझ्या विषयात जिल्ह्याचे जुने सांख्यिकी अहवाल, दुष्काळावरच्या पाहण्या, सहकारी कारखान्यांवरचे अभ्यास, हे दहा वर्षांत एखादा विद्यार्थी मागतो. पण त्याला जेव्हा लागतं तेव्हा त्याच्या पूर्ण प्रबंधाचा पाया तोच असतो. प्रति वापर खर्च काढलात तर ही पुस्तकं पहिल्या फेरीतच बाद.

दुसरं, विभागवार कोटा वाईट आहे म्हणताय पण छोट्या विभागांना तेवढाच आधार असतो. कोटा काढला की जो एचओडी कमिटीत जास्त बोलतो त्याचंच सगळं येईल. तत्त्वज्ञान विभागात आमच्याकडे एकच शिक्षिका आहेत, त्या कुणाशी भांडणार?

इंजिलायब्ररी

सर तुमचं समजतंय पण आकडे न बघता घेण्याचीही किंमत असते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा अभ्यास लायब्ररी सायन्स शिकलेल्या प्रत्येकाला माहिती असतो, १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी साधारण ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही इश्यू झाली नव्हती. तिथे पैसा होता तरी ही गत. म्हणून तर पुढे आधी वाचकाने मागावं मग घ्यावं ही पद्धत आली. आपल्याकडे याद्या करणारे वेगळे, वाचणारे वेगळे.

पानखूण

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून सोडणार नाही कारण उद्या मला कमिटीत एक काहीतरी सांगायचंय :)

सर, इश्यूचा आकडा म्हणजे वापर नव्हे हे मला मान्य आहे आणि त्याचं एक उदाहरण देते. परवा स्टॅकमधून सहकारावरचं एक मराठी पुस्तक काढलं. मागच्या ड्यू डेट स्लिपवर १९८७ चे दोन शिक्के, मग एकदम २००४, त्यानंतर कोरी. सिस्टिमला विचारलं तर वापर शून्य, कारण संगणकीकरण त्यानंतरचं. पण आत झेरॉक्सच्या दुकानाची चिठ्ठी होती, पान ११२ ते १४०, दोन सेट, आणि चिठ्ठीवर २०१९ ची तारीख. म्हणजे कुणीतरी रीडिंग रूममध्ये बसून वाचलं, प्रती काढल्या आणि परत ठेवलं, आणि आपल्या लेखी ते पुस्तक वीस वर्षं मेलेलं. म्हणून आम्ही आता टेबलावर सोडलेली पुस्तकं रॅकला लावायच्या आधी बारकोड मारतो, कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये आतल्या आत वापर नोंदवायची सोय आहे. अटेंडंटला दिवसाअखेर थोडा वेळ जास्त लागतो पण मला कळलं की रेफरन्स आणि मराठी कपाटांचा वापर वाटत होता त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

त्यामुळे माझं म्हणणं असं की आकडा लावायचा तो टेक्स्टबुकांच्या प्रतींना आणि पॅकेजना, म्हणजे जिथे पैसा मोठा आणि वस्तू बाजारात कधीही परत मिळणारी. जी गोष्ट आज घेतली नाही तर पुढे मिळणारच नाही तिथे इश्यूचा आकडा लावायचाच नाही. आणि कोट्याबद्दल, तुमचा मुद्दा पटला. कोटा पूर्ण काढत नाही, प्रत्येक विभागाला एक किमान रक्कम राहील जी कुणाला हलवता येणार नाही, उरलेलं मागणीप्रमाणे.

चौकातला पुस्तकवाला

अप्पा बळवंत चौकात आमचं दुकान, कॉलेजांना पुरवठा वडिलांपासून करतोय, म्हणून विक्रेत्याच्या बाजूने थोडं लिहितो, स्वार्थ आहे असं समजलं तरी चालेल.

मराठी पुस्तकाची, त्यातून वैचारिक किंवा संशोधनाच्या पुस्तकाची आवृत्ती हजाराची, कित्येकदा पाचशेची किंवा त्याहून कमी असते. ती संपली की प्रकाशक परत काढेलच असं नाही. कॉलेजची ऑर्डर येते कधी तर फेब्रुवारीच्या शेवटी, याद्या घेऊन शिपाई धावत येतो, सर मार्च एंडच्या आत बिल पाहिजे. तेव्हा यादीतल्या मराठी पुस्तकांतली निम्मी तरी बाजारात नसतात, मग "पर्यायी द्या" असं सांगितलं जातं आणि आम्ही जे दुकानात पडलंय ते देतो. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. टेक्स्टबुकं मार्चमध्ये घ्या, काही बिघडत नाही. मराठी मात्र तीन-तीन महिन्यांनी थोडं थोडं घ्या, रक्कम छोटी असली तरी चालेल. दिवाळीनंतर जे नवीन येतं ते डिसेंबरात बघायला या, प्रत्यक्ष हाताळून घ्या.

आणि डिस्काउंटचा हट्ट थोडा समजून करा. छोट्या मराठी प्रकाशकाच्या पुस्तकावर आम्हालाच जे मिळतं त्यातून तुम्हाला इंग्रजी टेक्स्टबुकाएवढं कसं देणार? कोटेशनमध्ये सगळ्या पुस्तकांना एकच टक्का मागतात, मग जो विक्रेता जास्त टक्का लिहितो त्याला ऑर्डर जाते आणि तो कमी मार्जिनची पुस्तकं "आउट ऑफ प्रिंट" असं लिहून परत पाठवतो. पुस्तक छापून तयार असतं हो, त्याला आणायचं नसतं. मराठीचं कोटेशन वेगळं काढा.

पानखूण

काका हे फार मोलाचं सांगितलंत. आउट ऑफ प्रिंट असा शेरा आला की आम्ही निमूटपणे यादीवरून नाव खोडायचो. धोरणात वेगळं कोटेशन घालतेच आणि असा शेरा आला तर प्रकाशकाला एक फोन करून खात्री करायची हेही घालते.

हिशोबनीस

मी लायब्ररीतला नाही, संस्थांचं ऑडिट करतो. एक गोष्ट बघतो की ग्रंथपाल जुनी पुस्तकं काढायला घाबरतात, कारण हरवलेलं-फाटलेलं अंगावर येईल, पगारातून जाईल. त्यामुळे रॅक भरलेली आणि नवीनला जागा नाही. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शिअल रूल्समध्ये, २०१७ च्या, नियम २१५ आहे तो वाचून ठेवा. वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं हे वाजवी धरलंय, अट एवढीच की ते हलगर्जीपणामुळे किंवा अप्रामाणिकपणामुळे नसावं. हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी झालीच पाहिजे. साठा पडताळणीचंही दिलंय, २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दर वर्षी पूर्ण, २० ते ५० हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा तरी पूर्ण, त्यावर असतील तर नमुना पडताळणी. हा नियम थेट तुम्हाला लागू नसला तरी संस्थेच्या ठरावात त्याचा आधार घेता येतो. ठराव, यादी, कारण आणि कमिटीच्या सह्या एवढं असेल तर कुठलाही ऑडिटर निर्लेखनाला, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकायला, हरकत घेणार नाही. कारणाशिवाय थेट रद्दीत टाकलंत तर घेणारच.

मॅडमनी सांगितलेली टेबलावरच्या पुस्तकांची नोंद त्यासाठीही उपयोगाची आहे बरं का, कारण नियमात वाचायला घेतलेले ग्रंथही मोजले जातात. नोंद नसेल तर तुमच्या वाजवी तुटीची मर्यादा उगाच कमी दिसते.

इंजिलायब्ररी

हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. आमच्याकडे एक प्रत हरवली की पूर्ण विभागाला घाम फुटतो.

मुळशीकर

एक बाळबोध प्रश्न. मुलं सगळं मोबाइलवर वाचतात, सरकार जर्नल्स फुकट देतंय, मग छापील घ्यायचंच कशाला? जागाही वाचेल, त्या जागेत अभ्यासिका करा. माझी मुलगी एमपीएससीचं करते, तिला सदाशिव पेठेत महिन्याला पैसे भरून खुर्ची घ्यावी लागते.

पानखूण

प्रश्न बाळबोध नाहीये आणि कमिटीतही कुणीतरी तो विचारणारच आहे. अभ्यासिकेची गरज खरी आहे, जुन्या पॅटर्नच्या टेक्स्टबुकांच्या जास्तीच्या प्रती काढून आम्ही तेवढी जागा नक्की करू शकतो.

पण फुकट आहे म्हणजे आपलं आहे असं नाही. आत्ताची मंजुरी २०२७ पर्यंतची आहे. पुढेही राहावं असं मनापासून वाटतं, पण तीन वर्षांच्या मंजुरीवर विसंबून तीस वर्षांचे अंक रद्दीत टाकता येत नाहीत. पॅकेजचं तर अजूनच अवघड, वर्गणी थांबली की मागचे अंकही उघडतील का नाही हे करारात काय लिहिलंय त्यावर असतं, आणि करार वाचलेला असतो कुणी? कायमस्वरूपी प्रवेशाचं कलम आहे का एवढं तरी सही करायच्या आधी बघायला हवं. डॉलरचंही बघा, २०११ च्या सुमारास ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या शेवटी ८५ च्या घरात. परदेशी जर्नलने एक सेंटही वाढवला नाही तरी आपलं बिल जवळजवळ दुप्पट होतं आणि आपलं बजेट रुपयात, तेही उतरतं.

आणि फुकट मिळतंय ते वापरलं कुठे जातंय? एन-लिस्टचा पासवर्ड घेतलेल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांनी पहिल्या मेलनंतर परत लॉगिन केलेलं नाही. घरून लॉगिन कसं करायचं हे दाखवायला माणूस लागतो, आणि रिक्त जागा भरल्या जात नाहीत त्यामुळे तो माणूस नाहीये. वाचलेल्या पैशातला काही भाग मला याच कामासाठी हवाय, पण पुस्तकाच्या हेडमधून माणसाचा पगार देता येत नाही असं ऑफिस सांगतंय. त्यावर अजून मार्ग सापडलेला नाही.

शोधवाट

मी पीएचडी करतेय, विषय पुण्यातले असंघटित कामगार आणि त्यांच्या संघटना. ताई, तुमच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. इंग्रजी जर्नल्समधले असंघटित क्षेत्रावरचे सैद्धांतिक लेख मला आता विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून भराभर मिळतात, दोन वर्षांपूर्वी एकेका लेखासाठी परदेशातल्या लेखकाला मेल करत होते. हा फरक खूप मोठा आहे.

पण माझा अर्धा प्रबंध ज्यावर उभा आहे ते सगळं मराठीत आहे. हमाल, मोलकरणी, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका यांच्या संघटनांच्या स्मरणिका, अधिवेशनांचे अहवाल, पुस्तिका, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी नियतकालिकांतले लेख. यातलं एकही कुठल्या पॅकेजमध्ये नाही, आणि गुगलला तर अशी गोष्ट अस्तित्वात आहे हेच माहीत नाही. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये थोडं, भारत इतिहास संशोधक मंडळात थोडं, काही गावातल्या जुन्या वाचनालयांत. दर ठिकाणी कॉलेजचं पत्र घेऊन जायचं, तिथे गेल्यावर कळतं की नेमकं हवं ते वर्ष नाहीये. एका त्रैमासिकाचे १९७२ ते ७४ चे अंक हवे होते, दुष्काळाच्या काळातले. तीन लायब्रऱ्यांमध्ये ते त्रैमासिक होतं आणि तिन्हीकडे १९७३ नव्हतं. शेवटी एका कॉलेजात मिळालं जिथे जाण्याचा मी विचारही केला नव्हता.

सेवानिवृत्त ग्रंथपाल

शोधवाट यांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात हे एकदा करून बघितलंय. १९९२ मध्ये पुणेनेट सुरू झालं होतं, विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि संगणक संशोधन करणारी सी-डॅक यांनी मिळून, केंद्र सरकारच्या निस्सात या माहितीसेवा योजनेच्या मदतीने. शहरात कुठलं जर्नल कुठे येतं हे एका ठिकाणी कळावं आणि सगळ्यांनी तेच तेच घेऊ नये हाच हेतू. इंटरनेट घराघरात नव्हतं तेव्हाची गोष्ट. पुढे कन्सॉर्शियम (अनेक संस्थांसाठी एकत्र वर्गणी भरायची व्यवस्था) आली, २०१५ मध्ये इन्फोनेट, एन-लिस्ट आणि इंडेस्ट ही तीन कन्सॉर्शियम एकत्र करून ई-शोधसिंधू झालं, इंग्रजी जर्नल्स दिल्ली-गांधीनगरहून मिळायला लागली आणि शहरातल्या शहरात एकमेकांशी बोलायची गरज कुणाला उरली नाही. मराठी नियतकालिकांची गरज मात्र तशीच राहिली, त्यांच्यासाठी कुठलंच कन्सॉर्शियम झालं नाही.

बांधीव खंडांबद्दल थोडं विस्ताराने सांगतो कारण जागा करायची म्हटलं की पहिला घाला त्यांच्यावर पडतो. इंग्रजी जर्नलचे जे खंड जेस्टोरसारख्या ऑनलाइन संग्रहात पहिल्या अंकापासून आहेत आणि शहरात दुसऱ्या दोन ठिकाणी छापील आहेत, ते काढायला हरकत नाही. मराठीचा खंड काढायच्या आधी तो उघडून बघा. साठ-सत्तरच्या दशकातला कागद असा की पान उलटताना कडा हातात येते, पिना गंजून प्रत्येक अंकाच्या मधोमध तपकिरी डाग पडलेला, बाइंडरने कापताना समासातली अक्षरंही उडवलेली. असा खंड बघून सगळे म्हणतात काय ठेवायचंय यात. पण बहुतेक वेळा शहरातली तीच शेवटची प्रत असते आणि तुम्हाला ते माहीत नसतं. मी नोकरीत असताना एक नियम पाळला, मराठीचं काहीही काढायचं तर आधी निदान चार लायब्रऱ्यांना फोन. दोन वेळा असं झालं की चौघांनीही “आमच्याकडे नाही” असंच सांगितलं, ते खंड आजही तिथे आहेत.

पानखूण, तुमच्या धोरणात हे लिहा की मराठी नियतकालिकं एकट्या कॉलेजने घ्यायची वस्तू राहिलेली नाही. पाच-सहा कॉलेजांनी वाटून घ्या. एकाने एक त्रैमासिक कायम चालू ठेवायचं, खंड बांधायचे, जपायचे, दुसऱ्याने दुसरं. आणि एकमेकांच्या विद्यार्थ्यांना पत्राशिवाय, ओळखपत्रावर आत घ्यायचं.

अर्थशास्त्राचा मास्तर

सेवानिवृत्त सरांना नमस्कार. वाटून घेण्याला माझा पूर्ण पाठिंबा, यात खर्च कमी होतो आणि ठेवा वाढतो.

टेक्स्टबुकांच्या प्रतींबद्दल एक सुचवतो. एनईपीमुळे, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आलं, विषयांची संख्या वाढली आणि कित्येक पेपरांना एक असं पुस्तकच नाही, इथलं एक प्रकरण, तिथलं एक प्रकरण असं वाचायचं असतं. त्यासाठी पाच पुस्तकांच्या वीस-वीस प्रती घेण्यात अर्थ नाही. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलंय, शिकवण्याच्या ओघात निवडक भागांच्या प्रती काढून देणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं. पूर्ण पुस्तक झेरॉक्स करा असं मी म्हणत नाहीये. पण लायब्ररीत दोन प्रती आणि शिक्षकाने नेमून दिलेल्या प्रकरणांचा संच एवढ्यावर भागतं, आणि अठरा प्रतींचे पैसे मोकळे होतात.

चौकातला पुस्तकवाला

सर आमच्या पोटावर पाय आला की :) पण ते अठरा प्रतींचे पैसे जर मराठी पुस्तकांना लागणार असतील तर मी तक्रार करणार नाही. आज आमच्या दुकानात टेक्स्टबुकं खपतात, चांगलं मराठी पुस्तक प्रकाशकाकडे परत जातं.

इंजिलायब्ररी

पॅकेजवाल्यांशी बोलणी करताना एक लक्षात ठेवा, सोडून द्यायची तयारी असेल तरच दर खाली येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या मोठ्या जर्नल प्रकाशकाचा करार सोडला आणि २०२१ मध्ये नव्या अटींवर परत केला, मधली दोन वर्षं त्यांनी भागवलं. आपण एवढे मोठे नाही पण आमच्या गावातली पाच-सहा कॉलेजं एकत्र गेली तरी व्हेंडरची भाषा बदलते. आम्ही नूतनीकरणाच्या तीन महिने आधी लेखी कळवायला सुरुवात केली की वापराचा रिपोर्ट बघून ठरवू, त्या वर्षी दरवाढ आलीच नाही.

पानखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. कमिटीला जे देणार आहे ते इथे टाकते, अजून काही असेल तर उद्यापर्यंत सांगा.

पहिलं, कुठलंही इंग्रजी जर्नल किंवा पॅकेज घ्यायच्या आधी ते वन नेशन किंवा एन-लिस्टमधून मिळतंय का याची नोंद त्या फाइलमध्येच हवी, मिळत असेल तर वेगळी खरेदी नाही. पॅकेजचं नूतनीकरण काउंटर रिपोर्ट आणि युनिक आकड्यावरून, करारातलं कायमस्वरूपी प्रवेशाचं कलम वाचून. टेक्स्टबुकांच्या प्रती मागच्या दोन वर्षांच्या इश्यूवरून, आणि जिथे प्रकरणांचे संच चालतील तिथे दोनच प्रती. प्रत्येक विभागाला न हलणारी किमान रक्कम. मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं यांचं हेड वेगळं, एकूण बजेट कितीही उतरलं तरी ते उतरणार नाही, आणि त्याची खरेदी दर तीन महिन्यांनी, वेगळ्या कोटेशनवर. नाक मुरडलं जाईल ते याच कलमावर, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात पुस्तकांवर आणि जर्नल्सवर किती खर्च केला हे विचारतात, कुठल्या भाषेत केला हे विचारत नाहीत, आणि मराठीवर कितीही घेतलं तरी रक्कम छोटीच दिसते. मी या कलमावरून मागे हटणार नाहीये. निर्लेखन ठराव आणि यादीसह, मराठीचं काहीही काढण्याआधी चार लायब्रऱ्यांना विचारूनच.

आणि वाटून घेण्याचं आपण कमिटीची वाट न बघता सुरू करू शकतो. मी एक शीट करतेय, त्यात नियतकालिकाचं नाव, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, मधली कुठली नाहीत, चालू आहे की बंद, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला आत घेतात का, एवढेच रकाने. मधली कुठली नाहीत हा रकाना कृपया प्रामाणिकपणे भरा, शोधवाटला १९७३ साठी जी वणवण झाली ती त्याच रकान्याअभावी.

शोधवाट

ताई मी भरायला मदत करते. माझ्या वहीत सात लायब्रऱ्यांची माहिती आहे, कुठलं वर्ष कुठे नाही हे तर पाठच झालंय. तिथल्या ग्रंथपालांना विचारून मगच टाकते.

वाचनवेडी

आमच्या कॉलेजची यादी मी देईन. आणि ती दोन त्रैमासिकं, मागचे अंक प्रकाशकाकडे आहेत का म्हणून आज फोन केला होता. एकाचे सगळे आहेत म्हणाले, दुसऱ्याचे दोन अंक संपलेत. वर्गणीचा अर्ज आजच टाकलाय.

सेवानिवृत्त ग्रंथपाल

ते दोन अंक कुठले ते कळवा, माझ्याकडे घरी असू शकतील. शीटमध्ये अजून एक रकाना घाला, शेवटचा खंड कुठल्या वर्षी बांधला. सुटे अंक रॅकवर असले तरी पाच वर्षांत त्यातले दोन-तीन जातातच, त्यामुळे ज्यांचं बाइंडिंग थांबलंय त्यांना आधी हाताशी धरायला हवं.

पानखूण

रकाना घातला सर. शीट आज रात्री तयार होईल, लिंक हवी असेल त्यांनी व्यनि करा, कॉलेजचं नाव जाहीर नको असेल तर तसंही सांगा.